सिग्नल: सर्व्हरवर काही सापडत नाही, फोनचं तेवढं बघा

खासगी बोलण्यासाठी कुठलं अ‍ॅप, असं विचारलं तर आमचं उत्तर सिग्नल. त्याचं कारण कायद्यात आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार कंपनीकडे संदेश उलगडून मागू शकतं. मदत नाकारली तर ७ वर्षांपर्यंत कैद. डिसेंबर २०१८ मध्ये १० यंत्रणांना हे अधिकार दिले गेले. मागणी आल्यावर कंपनीकडे साठलेलं असतं किती, यावर सगळं ठरतं. २०१६ साली अमेरिकेत ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) सिग्नलकडे माहिती मागवली तेव्हा दोनच गोष्टी हाती लागल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. संपर्क नाहीत, ग्रुप नाहीत, संदेश तर नाहीतच. व्हॉट्सअ‍ॅपचं एन्क्रिप्शनही (संदेश फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वाचता येईल असं कुलूप) सिग्नलच्याच प्रोटोकॉलवर, म्हणजे पद्धतीवर, चालतं, पण तिथला ड्राइव्हवरचा बॅकअप तुम्ही स्वतः एन्क्रिप्ट केला नसेल तर एवढी मेहनत वाया.

खरी कच्ची बाजू आहे नोंदणीची. खातं मोबाइल नंबरावरच उघडतं आणि ओटीपी येतो साध्या एसएमएसने. हा एसएमएस टेलिकॉम कंपनीच्या जाळ्यातून जातो, म्हणजे तो अडवता येतो. सिम स्वॅपमध्येही, म्हणजे तुमच्या नंबराचं नवं सिम फसवून काढतात तेव्हाही, तोच चोरतात. ओटीपी हाती लागला की तुमच्या नंबरावर दुसरंच कुणी सिग्नल चालू करू शकतं. जुने संदेश त्याला मिळत नाहीत, पण तुमच्या नावाने तो बोलू लागतो. म्हणून अ‍ॅप टाकल्याटाकल्या सेटिंग्ज, अकाउंट, रजिस्ट्रेशन लॉक चालू करा. मग नव्या फोनवर नोंदणी करताना ओटीपीबरोबर तुमचा सिग्नल पिनही लागतो. पिन ४ आकडी चालतो, पण अक्षरं मिसळून लांब ठेवा. जन्मसाल तर नकोच. एखाद्याच्या चॅटमध्ये ‘सेफ्टी नंबर (तुमच्या दोघांच्या चॅटचा ओळखक्रमांक) बदलला’ अशी ओळ दिसली तर बहुधा त्याने फोन बदललेला असतो. तरी फोन करून विचारा, किंवा भेटल्यावर दोघांच्या स्क्रीनवरचे त्या नंबरचे ६० आकडे ताडून पाहा.

प्रायव्हसीत जाऊन फोन नंबर ‘कुणालाच नाही’ करा आणि अनोळखी माणसाला युजरनेम द्या. ही सोय २०२४ पासून आहे. नोटिफिकेशनमधून नाव आणि मजकूर दोन्ही काढा, नाहीतर टेबलावर पडलेला लॉक फोनच सगळं वाचून दाखवतो. आपोआप पुसले जाणारे संदेश ४ आठवड्यांवर ठेवलेले बरे. मात्र समोरच्याने स्क्रीनशॉट काढला किंवा दुसऱ्या फोनने फोटो घेतला, तर त्याला इलाज नाही. लिंक्ड डिव्हाइसेसची, म्हणजे तुमचं खातं जोडलेल्या इतर उपकरणांची, यादी महिन्यातून एकदा तपासा, कारण ऑफिसच्या संगणकावर चालू राहिलेलं सिग्नल म्हणजे उघडं दार.

त्रास होतो तो फोन हरवल्यावर. बॅकअप आपोआप चालू नसतो, त्यामुळे अनेकांची चॅट कायमची गेली आहेत. आता ऑनलाइन बॅकअप आहे, पण त्याची ६४ अक्षरांची रिकव्हरी की हरवली तर सिग्नलसुद्धा तो उघडून देऊ शकत नाही. ती वहीत लिहा आणि वही घरी कपाटात ठेवा. फोनच्या गॅलरीत स्क्रीनशॉट काढून ठेवलेली की फोनबरोबरच जाते.