नवी कॉम्प्युटर लॅब, वर्षभर शिकवल्यानंतर: सगळं जमलं, फळा सोडून

विद्यापीठाने शिक्षकांकडून समाधानाचा फॉर्म भरून घेतला. संगणकांचा वेग, नेटवर्क, बसायची सोय, स्वच्छता, तांत्रिक मदत, प्रत्येकाला एक ते पाच गुण. मी भराभर चार-चार देत गेले आणि 'एकूण समाधान'पाशी येऊन अडले. ज्या गोष्टीवर वर्षभर चरफडले, तिच्याबद्दल त्या फॉर्मात प्रश्नच नव्हता. म्हणून इथे सविस्तर लिहिते. मी प्रोग्रामिंग आणि डेटा स्ट्रक्चर्स शिकवते, त्यामुळे हे मत त्या नजरेचं आहे. स्लाइड दाखवून तास संपवणाऱ्यांना या लॅबमध्ये खटकण्यासारखं फारसं काही नाही.

यंत्रांचं आधी आटोपते, कारण त्यांच्याबद्दल तक्रार नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला, विंडोज ११ला टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षेची सोय) लागतं, आणि जुन्या यंत्रांत ते नव्हतं. त्यामुळे ती बदलावीच लागली. आमचं शिकवणं सुधारावं म्हणून कोणी खर्च केला असा गैरसमज नको. पण निमित्त काही का असेना, सगळीकडे एसएसडी, म्हणजे जलद डिस्क, आल्या. मुलं लॉगिन करतायत आणि मी हजेरी घेऊन, पाणी पिऊन, खिडकीबाहेर बघून येतेय, हा प्रकार बंद झाला. एवढ्यावरच मी लॅबला एक गुण जास्त देते.

रिस्टार्ट केला की संगणक पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर प्रत्येक मशीनवर आहे. सुरुवातीला मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मुलांनी अर्धा तास खपून पायथनची पॅकेजं (तयार कोडचे संच) टाकायची, कोणाच्या तरी पायाने प्लग हलायचा, आणि मशीन परत सुरू होताना पाटी कोरी. त्यात गंमत अशी की अपडेटही तसेच पुसले जायचे. सकाळी सगळी यंत्रं सुरू झाली की प्रत्येक मशीन कालचाच अपडेट नव्याने उतरवायला बसायचं आणि नेटवर्क मान टाकायचं. पहिल्या तासाचे शिक्षक नेटवर्कला दोष द्यायचे, नेटवर्कवाले आमच्याकडे बोट दाखवायचे. खरं कारण साधं होतं. अशा सॉफ्टवेअरला देखभालीची वेळ नेमून द्यावी लागते. त्या वेळात कुलूप उघडतं, अपडेट बसतात, मग कुलूप परत लागतं. ती वेळ कोणी नेमलीच नव्हती. नेमल्यावर सकाळची रडारड थांबली.

सत्राच्या मध्यावर माझं मत पालटलं. एका बॅचमधल्या कोणीतरी पाथ व्हेरिएबलशी, म्हणजे प्रोग्राम कुठे शोधायचे ते सांगणाऱ्या सेटिंगशी, खेळ केला होता, दुसऱ्या कोणाच्या पेन ड्राइव्हमधून नको ते आलं होतं. जुन्या लॅबमध्ये अशी दोन मशीन आठवडाभर आजारी पडून राहिली असती. इथे रिस्टार्ट, संपलं. पॅकेजांचा प्रश्न लॅब असिस्टंटनी सोडवला. डी ड्राइव्ह कुलपातून वगळला, आता मुलं आपलं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजांचा स्वतंत्र कप्पा) तिथे करतात आणि तास संपताना गिटने कोड मशीनबाहेर जपून ठेवतात. खरं तर ही सवय मला त्यांना लावायचीच होती, धाकाने लवकर लागली. कोणाचं काम अजूनही उडतं, पण त्यानंतर त्याचं पुन्हा कधी उडत नाही.

शिक्षकाच्या मशीनवर व्हेयॉन हे वर्गावर नजर ठेवायचं सॉफ्टवेअर आहे. पूर्वी आयटाल्क नावाने ओळखलं जायचं तेच हे, मुक्त स्रोत आणि फुकट. सगळ्यांचे स्क्रीन छोट्या चौकटींत एकत्र दिसतात, गरज पडली तर सर्वांचे कीबोर्ड बंद करता येतात, माझा स्क्रीन त्यांच्याकडे पाठवता येतो. मला वाटलं होतं हे वरदान ठरेल. प्रत्यक्षात मी ते कमी वापरते. कुलूप लावलं की मुलं लगेच मोबाइल काढतात, आणि चौकटीतला कोड इतका बारीक दिसतो की कोण अडलंय ते कळत नाही, फक्त कोण भलतीकडे आहे ते कळतं. ते तर चेहऱ्यावरूनही कळतं.

त्यापेक्षा मागे जाऊन उभं राहिलेलं बरं. मांडणी सरळ रांगांची आहे, त्यामुळे पुढून मला मॉनिटरच्या पाठी दिसतात आणि मागून सगळे स्क्रीन. भिंतीकडेने गोलाकार मांडणी असती तर मधे उभं राहून सगळं दिसलं असतं, पण मग फळ्याकडे बघायला मुलांना मान वळवावी लागते. दोन्हीत काही ना काही सोडावं लागतं. म्हणून मी छोटा वायरलेस कीबोर्ड घेतला आणि आता मागून टाइप करत शिकवते. स्वतःच्या पैशाने घेतलाय, त्यामुळे दर तासाला आठवणीने बॅगेत परत टाकते. लॅबमध्ये ठेवलेली वस्तू लॅबची होते, आणि लॅबची झालेली वस्तू लवकरच कोणाचीच राहत नाही.

मागे उभं राहायला लागल्यावर प्रोजेक्टरचं खरं रूप कळलं. शेवटच्या रांगेतून सेमीकोलन आणि कोलन सारखेच दिसतात. प्रोग्रामिंगच्या तासाला हे म्हणजे फारच झालं. प्रोजेक्टरचे स्वतःचे पिक्सेल १२८०×८००, आणि शिक्षकाचा संगणक त्याला १९२०×१०८०चं चित्र पाठवत होता. तो बिचारा ते दाबून बसवायचा आणि अक्षरांच्या कडा पुसट व्हायच्या. संगणकाचं रिझोल्यूशन प्रोजेक्टरच्या आकड्यावर आणलं, एडिटरचा फॉन्ट दुपटीच्या जवळ नेला, प्रश्न मिटला. कोणाच्याही लॅबमध्ये हे आधी तपासा, पैसे लागत नाहीत. शेवटच्या रांगेसाठी जुना ठोकताळाही आहे. वाचायचा मजकूर असेल तर ती पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नको, आणि बारीक तपशील बघायचा असेल तर चारपटीपेक्षा. पडदा दीड मीटर उंच असेल तर कोड नऊ मीटरपर्यंत वाचता येईल, गुंतागुंतीचा आलेख मात्र सहाच मीटरपर्यंत.

आता पडद्याचं.

फळा भिंतभर लांब, पांढरा, उत्तम. त्याच्या बरोब्बर मध्यावर मोटरचा पडदा. पडदा उतरला की फळा गेला. दोन्ही बाजूंना हातभर रुंदीच्या पट्ट्या उरतात. डावी शिक्षकाच्या टेबलामागे, उजवी दार उघडलं की दाराआड. पुढच्या सगळ्या दिव्यांना मिळून एकच बटण आहे, त्यामुळे पडद्यासाठी दिवे घालवले की त्या पट्ट्याही अंधारात. ज्याने हा नकाशा काढला त्याच्या मते शिक्षक एका वेळी एकच गोष्ट करतो. दाखवतो किंवा लिहितो.

मला दोन्ही एकाच वेळी लागतं, आणि हा हट्ट नाही. लिंक्ड लिस्ट म्हणजे साखळीसारखी यादी, तिचा प्रत्येक नोड (कडी) पॉइंटरने पुढच्या नोडकडे बोट दाखवतो. तिच्यात मधे नवा नोड घालायचा असेल तर आधी नव्या नोडचा पॉइंटर पुढच्याकडे वळवायचा, मग मागच्याचा नव्याकडे. क्रम उलटला तर पुढची सगळी यादी हातची जाते. कोडमध्ये या दोन ओळी आहेत. समजतात त्या चौकोन आणि बाण काढल्यावर, एक बाण पुसून दुसरा काढताना. बाण काढायला पडदा वर घेतला की कोड नाहीसा. कोड दाखवायला खाली घेतला की आकृती झाकली. मुलं मधल्या वेळात दोन्ही विसरतात. मोटर संथ आहे. त्या घरघरीत वर्गाचं लक्ष कसं सांडत जातं ते पुढे उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

सहकाऱ्यांनी उपाय सुचवले. डिजिटल पेन घे म्हणाले. घेतला, वापरला. पण स्क्रीन दुभागला की कोडचा फॉन्ट पुन्हा बारीक होतो, आणि पुढच्या फाइलवर गेलं की आकृती गायब. फळ्यावरची आकृती तासभर तिथेच राहते. मागे पडलेला मुलगा वीस मिनिटांनी मान वर करतो तेव्हाही ती त्याची वाट बघत असते. हा गुण कुठल्याही सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत मला अजून दिसलेला नाही.

मग पडदा बिघडला. वर गेला आणि वरच राहिला. तक्रार नोंदवली, 'नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं, आणि पुढे बराच काळ काही नाही. तास तर घ्यायचा होता. प्रोजेक्टर सुरू केला, चित्र थेट फळ्यावर पडलं. पडदा फळ्याच्या थोडा पुढे लटकायचा, त्यामुळे फोकस जरासा फिरवावा लागला, इतकंच.

आणि माझ्या हातात मार्कर होता.

फॅक्टोरियलचं (४×३×२×१ असा गुणाकार) रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणं, शिकवत होते. कोडची ओळ फळ्यावर उजेडात, मी तिच्याभोवती लाल गोल काढला, तिथून बाण काढून बाजूला चार, तीन, दोन, एक अशा चौकटी रचल्या. परतीचे आकडे प्रत्येक चौकटीतून खालच्या चौकटीत उतरवले. कोड आणि स्टॅक (त्या चौकटींची चळत) एकाच जागी, एकाच वेळी. मागच्या रांगेतून पहिल्यांदाच प्रश्न आला, आणि तो 'मॅडम, दिसत नाही' हा नव्हता. त्यानंतरचे आठवडे या लॅबमधले माझे सर्वांत चांगले.

अडचणी होत्या, लपवत नाही. चकचकीत फळा प्रोजेक्टरचा प्रकाश आरशासारखा परतवतो, त्यामुळे मधल्या ओळीत बसलेल्यांच्या डोळ्यांवर एक झगझगीत ठिपका येतो. यावर एडिटरची काळी थीम लावावी असं कोणालाही सुचेल. मलाही सुचलं. पण काळ्या भागावर प्रोजेक्टर जवळजवळ प्रकाशच टाकत नाही, तेव्हा तिथे मार्करने काढलेलं दिसणार कसं? पांढरी थीम घेतली की ठिपका, काळी घेतली की मार्कर आंधळा. शेवटी फिकट राखाडी पार्श्वभूमी, प्रोजेक्टर कमी उजेडाच्या इको मोडवर, पुढचे दिवे चालू, अशी तडजोड बसली. रंग थोडे फिके दिसतात, पण कोडला रंगांची एवढी काय मातब्बरी. माझी सावली चित्रावर पडते हा दोष उरतो. त्यावर बाजूने उभं राहून लिहायला शिकणं हाच उपाय. प्रोजेक्टर जवळून वर टांगायचा, शॉर्ट थ्रो जातीचा असता तर सावली बरीच कमी झाली असती. आणि प्रोजेक्शनसाठी केलेला मॅट फळा मिळतो, त्यावर ठिपकाही जवळपास उरत नाही. एखादी नवी लॅब उभी राहत असेल आणि खरेदी समितीत तुमची ओळख असेल तर मोटरच्या पडद्याऐवजी हे दोन मागा.

माझ्या सुखाला दृष्ट लागली ती दुरुस्तीची. तंत्रज्ञ आले, मोटर बदलली. तोवर ठीक होतं, मी पडदा वरच ठेवला असता. पण त्यांनी प्रोजेक्टरच्या बारा व्होल्टच्या ट्रिगरची तारही पडद्याला जोडून दिली. म्हणजे प्रोजेक्टर सुरू केला की पडदा आपोआप खाली येतो. "मॅडम, आता तुम्हाला बटणही दाबायला नको," असं ते अभिमानाने म्हणाले. काम खरंच सफाईदार केलं होतं. भिंतीवरचं बटण दाबून पडदा वर पाठवता येतो, पण तो आधी तळापर्यंत उतरतो, मगच ऐकतो. मी प्रोजेक्टर लावते, पडदा येतो, मी बटण धरून उभी राहते, पडदा जातो. मुलं हा सोहळा कौतुकाने बघतात.

ती तार काढून टाका एवढीच विनंती केली. उत्तर आलं की ही सुविधा आहे, बिघाड नाही, आणि सुविधा काढायची असेल तर विभागाचं पत्र लागेल. पत्रासाठी गेले तर तिथे सांगितलं की इतर शिक्षक खूश आहेत. ते खरंही आहे. चित्रफिती दाखवणाऱ्यांना पडदाच हवा. फळ्यावर रंग फिके येतात, ठिपका येतो, त्यांचं म्हणणं चूक नाही. पण त्यांच्यासाठी बटण दाबणं हा कष्ट, आणि माझ्यासाठी तेच बटण धरून उभं राहणं हा नियम, याचा मला राग येतो.

म्हणून गुण असे. यंत्रांना पाचपैकी साडेचार. पूर्ववत करणाऱ्या सॉफ्टवेअरला, देखभालीची वेळ नेमली असेल तरच, चार. व्हेयॉन फुकट आहे आणि तुमच्या संयमानुसार उपयोगी. प्रोजेक्टरला रिझोल्यूशन नीट बसवल्यावर चार. लॅब असिस्टंटना पूर्ण पाच. ते नसते तर वरचे सगळे आकडे खाली आले असते. एकूण साडेतीन, आणि कमी झालेल्या दीडपैकी एक एकट्या पडद्यामुळे गेला. कोणी म्हणेल एका पडद्यासाठी एवढं? त्यांनी माझ्या जागी उभं राहून एकदा लिंक्ड लिस्ट शिकवावी.

दरम्यान मी तक्रार नव्याने नोंदवली आहे. जुनी 'निराकरण झाले' म्हणून बंद झाली होती. नव्या फॉर्ममध्ये 'बिघाडाचं स्वरूप' हा रकाना सक्तीचा आहे. तिथे मी लिहिलं, पडदा व्यवस्थित चालतो.