साखर कारखान्यात मॉड्युलर डेटा सेंटर : अकरा महिन्यांचा अनुभव

आमचा सहकारी साखर कारखाना सांगली जिल्ह्यात आहे आणि तिथला संगणक विभाग माझ्याकडे आहे. गेल्या मे महिन्यात जुनी सर्व्हर रूम मोडून आम्ही मॉड्युलर डेटा सेंटर बसवलं, म्हणजे सर्व्हर, वीज आणि कूलिंगचे तयार भाग जोडून उभं राहणारं, लागेल तसे भाग वाढवता येणारं. एक पावसाळा आणि एक अख्खा गाळप हंगाम बघून झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं. कंपनीचं नाव देत नाही, कारण बाजारात चार-पाच जण थोड्याफार फरकाने हाच माल विकतात.

इतरांचा धंदा वाढत जातो. आमचा दरवर्षी वाढतो आणि दरवर्षी बसतो. नोव्हेंबरात गव्हाणीत मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, की वजनकाटे चोवीस तास सुरू. यार्डातले कॅमेरे, शेतकी विभागाच्या तोडणी स्लिपा, लॅब, सगळं एकदम अंगावर येतं. ऊस आल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, द्यायचा कायदा आहे, त्यामुळे बिलाच्या वेळी ‘सर्व्हर बंद आहे’ हे कोणी ऐकून घेत नाही. हंगाम आटोपला की ऑफिसात पंख्याचा आवाज येतो. आम्ही मोजलेला सर्व्हरचा विजेचा लोड हंगामात 11 किलोवॅट आणि एरवी 6.

घेतलं काय, तर सर्व्हर ठेवायची तीन बंदिस्त कपाटं म्हणजे रॅक, रॅकच्या मधे बसणारे 12-12 किलोवॅटचे दोन कूलिंग युनिट, आणि 10 किलोवॅटची चार मॉड्यूल (सरकवून बसवायचे वीज देणारे भाग) मावतील असा यूपीएस. सुरुवातीला त्यात दोनच मॉड्यूल भरली. 20 फुटी कंटेनरचाही प्रस्ताव आला होता. कल्पना जुनीच आहे, सन मायक्रोसिस्टिम्सने 2006 मध्ये असा कंटेनर जगाला दाखवला होता. पण ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांच्या रांगेत तो ठेवायचा कुठे? आणि 11 किलोवॅटसाठी कंटेनर म्हणजे दोघांच्या चहासाठी बॉयलर पेटवणं.

आधी चांगलं सांगतो. ऑक्टोबरात तिसरं मॉड्यूल चालू यूपीएसमध्ये सरकवलं, दहा मिनिटांत काम झालं, एकही सर्व्हर बंद करावा लागला नाही. जुन्या यूपीएसच्या वेळी असल्या कामाला रविवार जायचा आणि अकाउंटवाल्यांच्या शिव्या वेगळ्या. दुसरं म्हणजे धूळ. बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) भुसा आणि चिमणीची काजळी यांनी जुन्या खोलीतल्या एसीची जाळी महिन्यात काळी व्हायची. इथे हवा रॅकच्या आतच फिरते, बाहेरची घेतच नाही. फेब्रुवारीत सर्व्हर उघडला तर आत बोट फिरवून दाखवावं इतका स्वच्छ.

आता खरी गोष्ट. विकणारे फक्त वाढण्याबद्दल बोलतात. ‘लागेल तसं वाढवा’ हे वाक्य प्रेझेंटेशनमध्ये मी सहा वेळा ऐकलं. कमी कसं करायचं हे एकाने सांगितलं नाही, आणि आमचे सात-आठ महिने कमीचेच असतात.

यूपीएस छान कमी होतो; नको असलेलं मॉड्यूल झोपवता येतं. कूलिंग तसं होत नाही. जुलैत लोड 6 किलोवॅट, तो दोन युनिटांत वाटला गेला की प्रत्येकाच्या वाट्याला तीन. इतक्या कमी कामावर कॉम्प्रेसर टिकून चालत नाही, दर काही मिनिटांनी चालू-बंद. असा चालला की हवेतलं पाणी नीट निघत नाही. तापमान 24 अंश, सगळे दिवे हिरवे, आणि आर्द्रता मात्र 70 टक्क्यांवर! त्यात एका रविवारी पाणी उपसणाऱ्या छोट्या पंपाचा फ्लोट अडकला आणि रॅकखाली थारोळं. अलार्म आला होता, पण ज्याच्या फोनवर आला तो लग्नात वाढत होता. सर्व्हिस इंजिनिअर चौथ्या दिवशी उगवला. उपाय साधा निघाला : एकच युनिट चालवायचं, दुसरं राखीव, दर सोमवारी अदलाबदल. हे सेटिंग पहिल्या दिवशीच करून द्यायला काय हरकत होती, हे मला अजून समजलेलं नाही.

विजेचा हिशोबही असाच. सर्व्हरने घेतलेल्या दर युनिटमागे एकूण किती वीज जाते तो आकडा, म्हणजे पीयूई, हंगामात दीडच्या आसपास राहिला आणि पावसाळ्यात 1.8 वर गेला. कूलिंग युनिटची अदलाबदल सुरू केल्यावर 1.65 पर्यंत उतरला. शिवाय लोड आपोआप उतरत नाही. सर्व्हर रिकामा बसला तरी वीज खातोच. एप्रिलमध्ये आम्ही व्हर्च्युअल मशिन (एकाच सर्व्हरवर चालणारे अनेक आभासी संगणक) एका होस्टवर, म्हणजे एका खऱ्या सर्व्हरवर, गोळा करून दुसरा हाताने बंद करतो, तेव्हा कुठे 6 चा आकडा दिसतो. हे काम तुमचं, मॉड्युलरचं नाही.

बॅटरीने तर डिसेंबरात फजिती केली. मॉड्यूल वाढवलं की किलोवॅट वाढतात, मिनिटं वाढत नाहीत. बॅटरी तीच, लोड जवळपास दुप्पट. पावसाळ्यात 26 मिनिटं मिळत होती, हंगामात 13 झाली. एका रात्री आमची वीज बनवणारं टर्बाइन ट्रिप होऊन बंद पडलं, जनरेटर पहिल्या दोन प्रयत्नांत लागला नाही, आणि मी स्क्रीनवर उरलेली मिनिटं मोजत उभा. नवव्या मिनिटाला जनरेटर लागला. काट्यावरच्या ट्रॅक्टरवाल्यांना काही कळलंसुद्धा नाही.

घेणाऱ्यांना एकच कळकळीची सूचना : पुढच्या मॉड्यूलचे दर पहिल्याच पर्चेस ऑर्डरमध्ये तीन वर्षांसाठी बांधून घ्या. यूपीएसच्या खाचेत दुसऱ्या कंपनीचं मॉड्यूल बसत नाही, आणि हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. आमचं तिसरं मॉड्यूल पाच महिन्यांत पहिल्या दोघांपेक्षा बरंच महाग पडलं. संचालक मंडळासमोर ती फरकाची रक्कम समजावताना एका संचालकांनी विचारलं, ‘‘उसाचा दर आम्ही असा मधेच वाढवला तर चालेल का?’’ उत्तर काय देणार.

पुन्हा घेईन का? हो, हाच प्रकार घेईन. जुन्या पद्धतीने 40 किलोवॅटची खोली बांधून 6 वर चालवण्यापेक्षा नक्कीच बरा. फक्त कूलिंगची युनिटं लहान आणि जास्त घेईन. दुसरा होस्ट गेल्या आठवड्यात बंद केला, एक मॉड्यूल झोपवलं. यूपीएसची चौथी खाच रिकामीच राहणार आहे. त्याऐवजी बॅटरीच्या जादा कपाटाचं कोटेशन मंडळाकडे दिलंय, मोळी पडायच्या आत मंजूर झालं तर बरं.