घरगुती आरओ, १४ महिन्यांनंतर: पाणी छान, पण ड्रेनचा पाईप एकदा बादलीत सोडून बघा

मशीन लावून १४ महिने झाले म्हणून आता लिहितोय, पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या रिव्ह्यूमधून चव आणि डिझाइन सोडून फार काही कळत नाही. कंपनीचं नाव टाकत नाही कारण जे सांगायचंय ते जवळपास सगळ्याच घरगुती आरओंना लागू आहे. गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर, कार्बन फिल्टर, क्षार अडवणारी मेम्ब्रेन (बारीक पडदा), जंतू मारणारा यूव्ही दिवा आणि ८ लिटरची टाकी, भिंतीवर बसतं ते नेहमीचं मॉडेल.

आधी चांगलं ते सांगतो. पाणी खरंच चांगलं येतं. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर घरात आहे, नळाच्या पाण्याचं रीडिंग १८० आणि मशीनच्या पाण्याचं १५, आणि १४ महिन्यांत हा १५ चा आकडा फारसा हलला नाही म्हणजे मेम्ब्रेन दणकट आहे. किटलीत पांढरा थर बसायचा बंद झाला. पंपाचा आवाज कमी, फिल्टर बदलायचा लाइट वेळेवर लागतो. इथपर्यंत तक्रार नाही.

आता ड्रेनचा पाईप. मागून एक बारीक नळी निघते आणि सिंकखाली गटाराच्या पाईपात जाते, बसवणारा माणूस ती अशी लपवून टाकतो की तिथून काय जातंय ते कधी दिसतच नाही. एका रविवारी मी टाकी पूर्ण रिकामी केली, ती नळी काढून १० लिटरच्या बादलीत सोडली आणि मशीन चालू केलं. टाकीत ८ लिटर भरेपर्यंत बादली दोनदा भरली आणि तिसऱ्यांदा निम्म्याच्या जवळ गेली, म्हणजे २४ लिटर. एक लिटर प्यायला, तीन लिटर गटारात. आम्ही चौघं, पिणं आणि स्वयंपाक धरून दिवसाला १२ लिटर लागतं, म्हणजे रोज ३६ लिटर जातं आणि वर्षाचा हिशोब केला तर १३ हजार लिटरच्या वर. माहितीपत्रकात हा आकडा कुठेच नव्हता.

त्याहून जास्त मला लागलं ते दुसरंच. त्या बादलीत मीटर बुडवला तर रीडिंग २३५. नळाचं १८०, फेकलेलं २३५! म्हणजे आपण ज्याला घाण समजून सोडून देतो ते नळाच्याच पाण्यापेक्षा जरासं खारट झालेलं तेच पाणी आहे, त्यात कपडे धुता येतात, फरशी पुसता येते, सगळं होतं.

आणि नवव्या महिन्यात ऑटो शटऑफ, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारी सोय, बिघडला. रात्री दोनला पाणी प्यायला उठलो तर सिंकखालून पाणी वाहत असल्याचा बारीक आवाज, टाकी फुल, हिरवा लाइट चालू, पंप बंद आणि ड्रेनमधून धार चालूच. बादली लावली तर तासाभरात भरली. कधीपासून चालू होतं देव जाणे. कस्टमर केअरला फोन केला तर उत्तर आलं की ड्रेनमधून पाणी जाणं नॉर्मल आहे सर. अहो टाकी भरल्यावर कसं नॉर्मल? चार दिवसांनी दुसरा माणूस आला, त्याने पाच मिनिटांत सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप होणारी पाण्याची झडप) बदलला आणि प्रॉब्लेम संपला. तोपर्यंत मी मेन कॉक हाताने चालू-बंद करत होतो. ज्यांच्याकडे आरओ आहे त्यांनी आज रात्री टाकी भरल्यावर एकदा ड्रेनला कान लावा.

कुणी म्हणेल तीन बादल्या पाण्याचं एवढं काय. मी पाण्याच्या विषयावर बरीच वर्षं वाचत आलोय म्हणून ते मला जाणवतं, नळ सोडला की पाणी येतं पण ते तिथे सुरू होत नाही ना, कुठल्यातरी नदीतून, तळ्यातून, जमिनीतून उचलून आणलेलं असतं आणि ज्या जागेवरून उचललं तिची भरपाई कुठल्याच बिलात लिहिलेली नसते. कॅलिफोर्नियातलं मोनो लेक घ्या. या तळ्यातून पाणी बाहेर जायला वाटच नाही, डोंगरातले ओढे येऊन मिळतात आणि ऊन पाणी उडवून नेतं, असं ते हजारो वर्षं चाललं. १९४१ पासून लॉस एंजेलिस शहराने ते ओढे मध्येच वळवून आपल्याकडे न्यायला सुरुवात केली. पुढच्या चाळीस वर्षांत पातळी साधारण ४५ फूट उतरली, पाणी निम्मं झालं आणि खारटपणा दुप्पट. बादलीतल्या मीटरने मला जे दाखवलं तेच तिथे अख्ख्या तळ्याचं झालं, गोडं पाणी निघून गेलं आणि मीठ मागे राहिलं. तळ्यात बारीक कोळंबीसारखा जीव असतो, काठावर माश्या असतात, लाखो पक्षी त्यांच्यावर जगतात. मधल्या बेटावर सीगल पक्षी अंडी घालायचे कारण तिथे कोल्ह्यासारखं जनावर पोचू शकत नव्हतं. पाणी उतरलं, बेट जमिनीला जोडलं गेलं, आणि १९७९ मध्ये कायोटी, म्हणजे तिथले कोल्ह्यासारखे प्राणी, चालत घरट्यांपर्यंत गेले. पक्ष्यांनी ते बेट सोडलं.

१९८३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असं तळं ही लोकांची ठेव आहे, पाण्याचा हक्क देताना तिचाही विचार करावा लागेल. १९९४ मध्ये पातळी समुद्रसपाटीपासून ६३९२ फुटांवर आणायचं ठरलं. तीस वर्षं झाली तरी तळं तिथे पोचलं नव्हतं. काढायला चाळीस वर्षं आणि परत भरायला त्याहून किती, हे वाचलं तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

त्याच्या दक्षिणेला ओवेन्स लेक, त्याचं तर पाणी १९१३ च्या कालव्याने वळवलं आणि १९२६ पर्यंत तळ कोरडा पडला. मग वारा सुटला की मिठाची आणि धुळीची वादळं, अमेरिकेतली सगळ्यात जास्त धूळ तिथून उडायची, लोकांच्या छातीत जायची. ती दाबायला शहराला त्याच तळावर पुन्हा पाणी पसरावं लागलं. नेलेलं पाणी थोडं थोडं परत आणून जमीन ओली ठेवायची! मध्य आशियातल्या अरल समुद्राचं बऱ्याच जणांनी ऐकलंय, १९६० च्या दशकापासून कापसासाठी दोन नद्या वळवल्या आणि बंदरातल्या बोटी वाळवंटात उभ्या राहिल्या, त्यावर वेगळं लिहीत नाही. धरणांचंही तसंच, भिंतीमागे नुसतं पाणी अडत नाही, गाळही अडतो, इजिप्तमधलं आस्वानचं मोठं धरण १९७० मध्ये पूर्ण झालं आणि नाईलचा गाळ खाली यायचा थांबला, तेव्हापासून तिथला त्रिभुज प्रदेश समुद्र कुरतडतोय.

विजेचं कुणी बोलतच नाही. एक हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. कॅलिफोर्नियातच तेहाचापी डोंगरावरून पाणी पलीकडे न्यायला एका ठिकाणी ते १९२६ फूट वर चढवतात, एकाच उडीत. पंपात काही वाया गेलं नाही असं धरलं तरी टनामागे दीड युनिटच्या वर वीज लागते, प्रत्यक्षात त्याहून जास्तच. असं उचलून आणलेलं, गाळलेलं, क्लोरीन टाकलेलं पाणी घरात येतं आणि माझं मशीन त्यातले चारातले तीन लिटर सरळ सोडून देतं.

मग समुद्राचं पाणी गोडं करा असं लोक म्हणतात. त्यातले बरेचसे प्लांट म्हणजे माझ्या भिंतीवरच्या मशीनचाच अवाढव्य भाऊ, तीच मेम्ब्रेन, तसाच ड्रेन. २०१९ च्या एका जागतिक अभ्यासात आलं होतं की एक लिटर गोड्या पाण्यामागे सरासरी दीड लिटर दाट खारं पाणी उरतं, आणि ते बहुतेक ठिकाणी परत समुद्रात जातं, जड असल्यामुळे तळाशी बसतं आणि तिथल्या जिवांचा ऑक्सिजन कमी होतो. जिथे दुसरा मार्गच नाही तिथे हे करावं लागतं, मान्य. पण फुकट काहीच नाही.

हे सगळं बघून मी पाण्याची लॅब टेस्ट केली, खरं म्हणजे मशीन घ्यायच्या आधीच करायला हवी होती. नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक सगळं मर्यादेत, टीडीएस १८०. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ६०० च्या आतलं पाणी चवीला चांगलं असतं, हजाराच्या वर गेलं की पिववत नाही. म्हणजे मला आरओची गरजच नव्हती. विकणाऱ्याने घरी येऊन मीटर दाखवला, १८० आकडा बघून तोंड वाकडं केलं आणि मी घेतलं. टीडीएस म्हणजे नुसते विरघळलेले क्षार, त्यात जंतू दिसत नाहीत, आर्सेनिक वेगळं दिसत नाही, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तर रेटिंग. पाण्याची क्वालिटी ५ पैकी ५. सर्व्हिस २. पाण्याची नासाडी १, आणि हा एक सुद्धा ड्रेनची नळी सहज काढून बादलीत सोडता येते म्हणून. बोअरचं पाणी खारं असेल किंवा टेस्टमध्ये फ्लोराइड, आर्सेनिक निघालं असेल तर आरओ घ्याच, तिथे पर्याय नाही, पण घेताना रिकव्हरी (आत गेलेल्या पाण्यातलं पिण्यासाठी मिळणारं पाणी) किती टक्के ते लेखी मागा आणि बसवल्या दिवशी बादली लावून मोजा. नळाचं पाणी माझ्यासारखं असेल तर घेऊ नका.

मी या महिन्यात यूएफ (जंतू आणि बारीक कण गाळणारा, पण क्षार न काढणारा फिल्टर) आणि यूव्हीचं साधं मशीन लावलं, त्याला ड्रेनची नळीच नाही, फक्त फिल्टर अधूनमधून बॅकवॉश करायचा, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून धुवायचा. जुना आरओ एका ओळखीच्या घरी दिला, त्यांचं बोअरचं पाणी ११०० टीडीएसचं आहे आणि त्यांना त्याची खरी गरज होती. रिजेक्ट पाणी, म्हणजे ड्रेनमधून निघणारं पाणी, तिथे चौदाशेच्या आसपास टीडीएसचं येतं, कुंडीत घातलं तर पानांची टोकं करपतील, म्हणून बसवतानाच नळी बाथरूममधल्या ड्रममध्ये नेली आणि फ्लशला आता तेच पाणी वापरतात. सोलेनॉइड व्हॉल्व्ह कुठे असतो तेही त्यांना हात लावून दाखवून आलोय.