माणगा बांबूची तोड-विक्री सहकारी संस्थेमार्फत: एका हंगामानंतरचा अनुभव

गेल्या गणपतीआधी भाग (शेअर) घेऊन आमच्याकडच्या बांबू उत्पादक सहकारी संस्थेचा सभासद झालो. आता तोडीचा अख्खा हंगाम पार पडलाय. लहान रान असलेले बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचं मालकी रान कुडाळ तालुक्यात. थोडी ऐन-किंजळाची झाडं, बाकी गडग्याच्या कडेने आणि वहाळाकाठी माणग्याची बेटं. एवढ्या रानातून ट्रक भरत नाही, आणि खरं दुखणं तेच आहे. ट्रक व्यापाऱ्याचा, तोडणारी माणसं त्याची, मोजणीही त्याचीच. तो म्हणेल त्या भावाला रान उक्तं, म्हणजे एकरकमी ठरवून, द्यायचं. उक्त्यात बेट बाहेरून साफ होतं, कारण कडेची काठी हाताला आधी लागते. कोवळ्या काठ्या नेमक्या कडेलाच असतात आणि पुढचे कोंब त्यांच्याच कंदातून फुटतात. अशी दोन-तीन वर्षं गेली की बेट खंगतं.

संस्थेच्या टोळीचं काम मी शेजारी उभं राहून पाहिलं. मुकादम आधी बेटात शिरला. पांढरी भुकटी आणि पेरांना चिकटलेली सालपटं दिसली की "ही कोवळी आसा, रवांदे," म्हणून पुढे सरकायचा. डागाळलेल्या, तीन वर्षांवरच्या काठ्याच काढल्या. घाव जमिनीलगतच्या पेराच्या अगदी वर, म्हणजे बुडख्यात पाणी साचून तो कुजत नाही. नुसत्या या कामासाठीही मी वर्गणी भरली असती.

माल रस्त्याला आणून लांबी-जाडीप्रमाणे लावला, प्रत्येक मालकाच्या काठ्यांच्या बुंध्याला वेगळा रंग दिला आणि चार-पाच जणांचा माल मिळून एक ट्रक घाटावर गेला. तोडणी, भाडं, संस्थेचं कमिशन वजा जाऊनही उक्त्याच्या साधारण दीडपट पैसे हातात आले.

पण पैसे दोन हप्त्यांत, आणि दुसरा हप्ता शिमगा उलटून गेल्यावर. घरात आजारपण किंवा लग्न असेल तर माणूस रोख देणाऱ्या व्यापाऱ्याकडेच जाणार, त्याला दोष कसा द्यायचा? मालाच्या तारणावर थोडी उचल मिळाली तर निम्मे सभासद टिकतील. टोळीही एकच आहे. दिवाळीनंतर येते म्हणाली, आली पौषात.

कागदांचं म्हणाल तर बांबूला त्रास नाही. 2017 च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन अधिनियमातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून वगळला. ऐन-किंजळाला मात्र 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, आणि सातबारा सामाईक असला की मुंबईच्या चुलतभावांच्या सह्या गोळा करता करता वर्ष जातं. या कामात संस्था अजून हात घालत नाही. घालायला हवा, कोकणात बरंच रान याच कारणाने अडकलंय.

दुसरी मोठी उणीव प्रक्रियेची. कच्च्या काठीला घूण लागते. बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या टाकीत मुरवलेली काठी फर्निचरवाले चांगल्या भावाने घेतात. आम्ही सगळं कच्चंच विकतो. स्वीडनमध्ये 1938 साली उभी राहिलेली 'सोद्रा' ही रानमालकांची सहकारी संस्था आज स्वतःच्या लगदा गिरण्या चालवते, म्हणजे प्रक्रियेचा नफाही सभासदांच्याच घरी जातो. आपल्याला गिरणी नको, एक टाकी आणि वर शेड पुरे.

माझं सभासदत्व चालूच राहणार आहे. टाकी आणि उचल हे दोन्ही विषय येत्या सर्वसाधारण सभेत घ्यावेत, असा लेखी अर्ज दिलाय. आसपासचे सभासद असाल तर त्यावर तुमचीही सही हवी.