'हाय पोटेन्सी' बी-कॉम्प्लेक्स : चारवरून दोन तारे, कारण फक्त बी६

या गोळीला मी आधी चार तारे दिले होते, आज ते खाली आणतोय. गोळी लहान आहे, घशात अडकत नाही, वासही फारसा येत नाही. लघवी गर्द पिवळी होते ती बी२मुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हे सगळं आजही मान्य. बिनसलं ते पायांच्या बोटांत मुंग्या यायला लागल्यावर.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, बी१२ व्यवस्थित निघालं. मग त्यांनी बाटली मागितली आणि मागची बारीक अक्षरं वाचली. बी६ : ५० मिलिग्रॅम, शेजारी रोजच्या गरजेच्या २९४१ टक्के. मोठ्या माणसाची दिवसाची गरज दोन मिलिग्रॅमसुद्धा नाही! वर माझ्या मॅग्नेशियमच्या गोळीतही बी६ होतंच. दोन डब्यांतलं मिळून पोटात किती जातं, हे कुठलंच लेबल सांगत नाही.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये मोठ्यांसाठी बी६ची वरची मर्यादा १२ मिलिग्रॅम ठरवली, त्याआधी ती २५ होती. अमेरिकेत मात्र १९९८ साली ठरलेली १०० मिलिग्रॅमचीच मर्यादा चालते. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं, "बी जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, जास्तीची शरीराबाहेर जातात." या उत्तराचा मला खरा राग आहे. दिवसाला २ ते ६ ग्रॅम बी६ घेणाऱ्या सात जणांच्या नसा बिघडल्याचं १९८३ मध्येच छापून आलंय. त्यांना चालताना तोल सावरत नव्हता. पुढे त्याहून कितीतरी कमी मात्रा दीर्घकाळ घेणाऱ्यांतही हा त्रास दिसला. आणि मुंग्या आल्या की माणूस 'नसांसाठी' म्हणून नेमकं बी६च वाढवतो.

बाकीच्या घटकांबद्दल तक्रार नाही. बी१, बी२, बी१२ यांना वरची मर्यादा ठरवलेली नाही. फॉलिक ॲसिड १००० मायक्रोग्रॅमच्या आत हवं, नाहीतर बी१२ची कमतरता झाकली जाते. नायसिन (बी३) निकोटिनिक ॲसिडच्या रूपात जास्त झालं तर चेहरा लाल होऊन भाजल्यासारखं वाटतं. या गोळीत ते निकोटिनामाइड या दुसऱ्या रूपात आहे, त्यामुळे तसं झालं नाही. बायोटिन (हेही बी जीवनसत्त्वच) भरपूर असेल तर थायरॉइडचे आणि ट्रोपोनिनचे (हार्ट अटॅक ओळखायची रक्ततपासणी) रिपोर्ट चुकू शकतात, म्हणून रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा.

मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून घेतली होती, अर्धी उरली असताना टाकून देणं जिवावर आलं. तरी टाकली. मुंग्या आता बऱ्याच कमी आहेत, पण पूर्ण गेलेल्या नाहीत; नसा सावकाश भरून येतात असं डॉक्टर म्हणाले. क्षयाच्या औषधांबरोबर वगैरे डॉक्टरांनीच बी६ दिलं असेल तर माझं वाचून ते बंद करू नका. स्वतःहून घेत असाल तर घरातल्या सगळ्या डब्यांवरचे बी६चे आकडे आजच एकत्र मांडून बघा. कंपनीने हाच आकडा बाटलीच्या पुढच्या बाजूला ठळक छापला, तर एक तारा परत देईन.