डाय, मेंदी की पांढरेच ठेवायचे?

कानशिलांवर पांढरे दिसू लागले की तीन वाटा उरतात. मी तिन्ही चालून पाहिल्या आहेत.

आधी एक समजून घ्या. केसाच्या मुळाशी मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी असतात. वयाबरोबर त्या कमी होत जातात आणि केस रंगाविनाच उगवतो. हे पिकणं कधी सुरू होणार ते बरंचसं आईवडिलांकडून येतं, त्यामुळे स्वतःला दोष देत बसू नये. एक उपटला की चार येतात, हेही खरं नाही. पंचविशीच्या आतच पिकत असतील तर मात्र बी १२ आणि थायरॉइड तपासून घ्या.

मेंदी मला मनापासून आवडते. तो वासच वेगळा. पण पांढऱ्यावर ती नारिंगी चढते, काळे हवेत तर वरून निळीच्या पानांची पूड (इंडिगो) लावावी लागते. त्यात नाशिकची डिसेंबर-जानेवारीतली थंडी. ओलं डोकं घेऊन दोन-तीन तास बसवत नाही. ‘काळी मेंदी’ घेताना पाकीट वाचा, तिच्यात अनेकदा डायमधलंच पीपीडी हे रंग देणारं रसायन असतं.

डाय अर्ध्या तासात होतो, आणि लग्नकार्यात माणूस खरंच तरतरीत दिसतो. मला नको झाली ती मुळाशी येणारी पांढरी रेघ. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात, म्हणजे आठ-दहा दिवसांत भांगात आणि कल्ल्यांवर ती हजर. कॉलेज रोडला गाडी लावून हेल्मेट काढलं की आरशात नजर आधी तिथेच जायची. काळा जितका गडद, तितकी ती उठून दिसते. समोरचा बोलताना कपाळाच्या वर बघतोय असं वाटत राहायचं. कुठे जायचं ठरलं की आधी डाय कधी लावायचा ते ठरवा. पिकलेल्या केसांनी मला इतका त्रास कधीच दिला नव्हता.

पांढरे ठेवताना मधले काही महिने दुरंगी जातात, नातेवाईक तब्येतीची चौकशी करतात. बारीक कापले तर पुरुषांचं चार-पाच महिन्यांत निभावतं. लांब केसांना दोन-तीन वर्षं लागू शकतात, म्हणून आमच्या घरी बायकोने मेंदीच चालू ठेवली आहे, आणि तिला ती शोभते. माझ्यापुरतं म्हणाल तर आता कितीही उन्हात उभं राहिलो तरी डोकं एकसारखं दिसतं, आणि मला ते फार आवडतं.

तरीही डायच हवा असेल, तर ४८ तास आधी कानामागे थोडा लावून बघा. खाज किंवा लाली आली तर तो डोक्याला लावू नका.