पॉल जॉन ब्रिलियन्स: किंमत नक्की कशाची?
गोव्याला गेलो की बाकीचे काजू आणतात, मी ही व्हिस्कीची बाटली आणतो (परमिट काढूनच हां). तिथेच कुंकळ्ळीला बनते, 46 टक्के अल्कोहोल, पीटचा (बार्ली वाळवताना जाळतात त्या दलदलीतल्या मातीचा) धूर अजिबात नाही. पहिल्या घोटाला मध, मग भाजलेल्या बार्लीचा खमंगपणा, दोन थेंब पाणी टाकलं की अजून खुलते.

मित्र म्हणतो देशी मालाला एवढे पैसे कशाला. अरे पण हिशोब बघ ना, स्कॉटलंडमध्ये मुरताना लाकडी पिंपातून वर्षाला साधारण 2 टक्के दारू उडते, गोव्याच्या उकाड्यात 8 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 5 वर्षांत एक तृतीयांश माल हवेत गेला की! त्यात मुरवायला बर्बनची (अमेरिकन व्हिस्कीची) वापरलेली पिंपं अमेरिकेतून आणावी लागतात. उकाड्याने दारू लवकर मुरते हा फायदा आहेच, पण 12 वर्षं ठेवायची म्हटलं तर पिंपात उरणार काय, म्हणून लेबलवर वय नाही म्हणून नाक मुरडू नका.

आमच्या इथल्या एका दुकानात हीच बाटली इतकी महाग सांगितली की मी हात जोडून बाहेर आलो. महाराष्ट्राचा टॅक्स, दुसरं काय. सोड्यात मात्र घालू नका राव, जीव तुटतो.